समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मचं भूकंपात काय होतं?

बेसा_रोडवाली
मंडळी, ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणात मुलुगूकडे ५.३ चा भूकंप झाला होता. गडचिरोली-चंद्रपूरपासून इथे नागपूरपर्यंत लोकांना हादरे जाणवले. तेव्हापासून आमच्या घरी एक वाद पेटलाय तो अजून विझत नाही. नणंदबाईंचा मुलगा मुंबई हायवर इन्स्ट्रुमेंटेशनच्या कामाला लागलाय, चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. नणंदबाई म्हणतात, "इथे पक्क्या जमिनीवरची बिल्डिंग हलली, तिथे पाण्यात चार पायांवर उभं असलेलं लोखंड कसं टिकेल?"

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते, त्यामुळे माझं मत तयार होतंच: जो प्लॅटफॉर्म प्रत्येक पावसाळ्यात लाटांचे तडाखे खातो त्याला भूकंपाचं फारसं काही वाटू नये. पण हे झालं मत, उत्तर नव्हे. इथे स्ट्रक्चरलवाले आहेत, ऑफशोअरला नोकरी केलेले आहेत. भूकंपात अशा प्लॅटफॉर्मचं नेमकं काय होतं? आधी काय निकामी होतं? आणि भाच्याने कशाकडे लक्ष ठेवावं?

तर्रीपोहा
ताई, पाणी तर आधीच हलून राहिलं तिथं. अजून थोडं हलंल. टेन्शन कायले घेता? पोराले पगार किती आहे ते सांगा.

बेसा_रोडवाली
@तर्रीपोहा, पगार नणंदबाई मलाही सांगत नाहीत.

डेक_खालचा_माणूस
ऑफशोअरला नोकरी करून आता हिंगण्याला स्थायिक आहे, म्हणून लिहितो.

पहिला गैरसमज दूर करू. मुंबई हायचे प्लॅटफॉर्म तरंगत नाहीत. १९७४ मध्ये सागर सम्राट रिगने तेल शोधलं, १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. जागा मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत आहे, पण पाणी तिथे ७५ मीटरच्या आसपासच खोल. एवढ्या पाण्यात सरळ तळावर उभा राहणारा लोखंडी नळ्यांचा सांगाडा बसवतात, त्याला आम्ही जॅकेट म्हणतो. जॅकेटच्या पायांमधून, नाहीतर पायांना लागून, पाइल (लोखंडी नळीचे लांब खुंट) खाली ठोकत नेतात. पाणी ७५ मीटर असलं तरी पाइल तळाखाली आणखी तेवढा, कधी जास्तही जातो. वर डेक, आणि डेकवर आमचा सगळा संसार: सेपरेटर, कॉम्प्रेसर, क्रेन, राहायच्या खोल्या, फ्लेअर (नको असलेला वायू जाळायची नळी).

पाय चारच असतात असं नाही. छोट्या वेलहेड प्लॅटफॉर्मला चार, मोठ्याला आठ वगैरे. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये दोन-तीन प्लॅटफॉर्म पुलांनी जोडलेले असतात. जुलैत लाटा चढल्या की खोलीत पडल्या पडल्या हलणं कळतं. नवीन पोरं घाबरतात, जुने कूस बदलून झोपतात.

तर्रीपोहा
म्हंजे पाइल जमिनीतच हाय. मंग भूकंप त्याले डायरेक्ट लागते ना बावा. माह्या पाण्याच्या थिअरीची तर वाटच लागली.

काँक्रीटकन्या
@तर्रीपोहा, अगदी बरोबर पकडलंत. भूकंपात इमारती पाडतात त्या मुख्यतः आडव्या हलवणाऱ्या लहरी, आणि त्या पाण्यातून जातच नाहीत. पाण्यातून फक्त दाबाची लहर जाते. म्हणून समुद्रात तरंगणाऱ्या जहाजाला भूकंप हा खालून बसलेला धक्का वाटतो, जहाज दगडाला घासल्यासारखं. पण पायवाला प्लॅटफॉर्म जमिनीलाच बांधलेला असतो, त्याला आडवं हलणं पाइलमधून थेट मिळतं.

आता काकूंचा मुद्दा. (काकू म्हटलं तर चालेल ना? मी इथल्या व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजची, वयाने बरीच लहान आहे.) तुमचं मत अर्धं बरोबर आहे, पण कारण जरा वेगळं आहे. प्रत्येक बांधकामाचा स्वतःचा एक आवर्तकाल असतो, एकदा ढकललं की किती सेकंदांत एक पूर्ण झोका घेतं तो. तीन मजली घराचा साधारण ०.३ सेकंद. ७५ मीटर पाण्यातल्या जॅकेटचा ढोबळमानाने दीड ते अडीच सेकंद. वादळी लाटांचा १० ते १५ सेकंद. म्हणजे जॅकेट भूकंप आणि लाट या दोघांच्या मध्ये बसवलेलं असतं, आणि ते मुद्दाम.

आयएस १८९३, म्हणजे भूकंपासाठी इमारतींच्या डिझाइनचं भारतीय मानक, त्यातला आलेख बघा. तो प्लॅटफॉर्मसाठी नाही, पण तुलनेला चालेल. खडकावर ०.३ सेकंदाच्या घराला गुणक २.५, दोन सेकंदांच्या बांधकामाला ०.५. भूकंप तोच, पण वजनाच्या प्रमाणात धक्का पाचपट कमी. तळातून निघालेल्या जोराच्या लहरी बहुतेक झपझप असतात, जॅकेटला त्यांच्याबरोबर हलायला वेळच मिळत नाही.

बेसा_रोडवाली
काकू चालेल. आणि ०.५ हे नणंदबाईंना दाखवणार आहे.

शंकेखोर_शंकर
जरा थांबा. ०.५ खडकावर. मुंबई हायच्या तळाशी खडक उघडा पडलाय का? मऊ मातीवर त्याच आयएस १८९३ मध्ये १.६७ भागिले दोन, म्हणजे ०.८४ येतं. तुमची पाचपट झाली तीनपट.

आणि मेक्सिको सिटी विसरताय. १९ सप्टेंबर १९८५, ८.० चा भूकंप, केंद्र शहरापासून साडेतीनशे किलोमीटरपेक्षा लांब किनाऱ्यावर. शहराचा बराच भाग जुन्या तळ्याच्या चिखलावर वसलेला. त्या चिखलाने नेमकी दोन सेकंदांच्या आसपासची हालचाल कितीतरी पटींनी वाढवली. बुटकी घरं बऱ्याच अंशी वाचली, सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती कोसळल्या. "आवर्तकाल लांब म्हणून सुरक्षित" हा नियम तिथे उलटा पडला. तुमचं जॅकेट नेमकं दोन सेकंदांवर आणून ठेवलंय!

काँक्रीटकन्या
मान्य आहे, म्हणून तर "अर्धं बरोबर" लिहिलं. ऑफशोअरच्या डिझाइनमध्ये म्हणूनच नुसता भूकंपाच्या झोनचा नकाशा चालत नाही. त्या जागेची बोअरहोल (तळाला भोक पाडून काढलेले मातीचे नमुने), मातीच्या थरांमधून लहर वर आणण्याचं विश्लेषण, हे सगळं करावं लागतं. तरी दोन सेकंदांना ०.१ जी (गुरुत्वाच्या प्रवेगाचा दहावा भाग) धरलं, तर डेक मूळ जागेपासून साधारण १० सेंटीमीटर सरकतो. तेवढाच ०.१ जी ०.२ सेकंदाच्या कडक बांधकामाला मिळाला तर एक मिलिमीटर. लोखंडी सांगाड्याला दहा सेंटीमीटर जड नाहीत. ज्या ज्या वस्तू दोन ठिकाणी बांधलेल्या असतात त्यांना मात्र जड जातात.

डेक_खालचा_माणूस
हे आवडलं. आमच्या पुलांकडे बघा. दोन प्लॅटफॉर्मना जोडणारा पूल एका बाजूला पक्का आणि दुसऱ्या बाजूला सरकता असतो. दोन्ही टोकं पक्की केली तर लाटांनीच पूल किंवा डेक फाटेल. दोन प्लॅटफॉर्म एकाच वेळी एकाच दिशेला हलत नाहीत, भूकंपात तर नाहीच. सरकत्या बाजूला पुरेशी जागा नसेल तर पूल खाली. आणि पुलावरून नुसती माणसं जात नाहीत, पाइपलाइनीही जातात.

सावजी_विथ_सोडा
म्हणजे सुनेला आणि सासूला एका घरात दोन्ही टोकांनी पक्कं बांधू नये, एक बाजू सरकती ठेवावी. (हलकेच घ्या)

काळी_माती
मातीवाल्याला बोलवल्याशिवाय हा धागा पुढे जाणार नव्हताच.

मुंबई हायच्या तळाशी बऱ्याच ठिकाणी चुनखडीयुक्त वाळू आहे, सागरी जीवांच्या कवचांचे कण. हे कण आतून पोकळ असतात, ठोकल्यावर फुटतात. मग पाइलच्या भोवती जी घट्ट मिठी बसायला हवी ती बसतच नाही. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्थ रँकिन प्लॅटफॉर्मला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच झालं होतं: पाइल ठोकायला घेतले तर बरंच अंतर जवळपास स्वतःच्या वजनानेच खाली गेले. नंतर दुरुस्तीवर भरमसाठ खर्च झाला. भूकंपाचा त्यात काही संबंध नव्हता. पण पाइलची पकड कमी असेल तर भूकंपातही पहिला प्रश्न तोच: सांगाडा टिकला तरी त्याला धरून ठेवणारं काय?

दुसरी गोष्ट, सैल वाळू पाण्याने भिजलेली असेल तर भूकंपात काही सेकंद ती घट्ट द्रवासारखी वागते. आपल्याकडचं उदाहरण कांडला. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात कांडला बंदराचा टॉवर पाइलवर उभा असूनही कलला होता. इमारत तुटली नाही, खालची जमीन सरकली. प्लॅटफॉर्मच्या बाबतीत मला रात्री झोपेतून उठवून विचारलंत तरी मी हेच सांगेन, आधी बोअरहोलचा रिपोर्ट दाखवा.

शंकेखोर_शंकर
@काळी_माती, +१. भूकंपाशिवायही माती प्लॅटफॉर्म पाडते. २००४ मध्ये इव्हान चक्रीवादळात मेक्सिकोच्या आखातात एक प्लॅटफॉर्म तळावरच्या चिखलाच्या घसरणीने आडवा झाला, आणि तिथल्या विहिरींतून कित्येक वर्षं तेल झिरपत राहिलं. तीच घसरण भूकंपाने सुरू झाली असती तरी परिणाम तोच.

वर्धा_रोड
विषयांतर करतो, माफ करा. भूकंपाच्या नकाशात नागपूर झोन २ मध्ये ना? म्हणजे आपल्या फ्लॅट्सना भूकंपाची चिंता नाही असं बिल्डर सांगतो.

काँक्रीटकन्या
झोन २ म्हणजे सगळ्यात कमी धोका, शून्य धोका नव्हे. किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३, ६.२ चा, पहाटे चारच्या सुमारास. तेव्हाच्या नकाशात तो भाग सगळ्यात खालच्या झोन १ मध्ये होता. दख्खनचं पठार अगदी निवांत समजलं जायचं. त्यानंतर २००२ मध्ये नकाशातून झोन १ च काढून टाकला. आणि मे १९९७ मध्ये जबलपूरला ५.८ चा झाला, तो आपल्यापासून फार लांब नाही. त्या वेळी इथेही लोक घराबाहेर आले होते, आई सांगते.

बिल्डरला झोन विचारू नका, खालच्या पार्किंगमधले कॉलम विचारा. भूजच्या वेळी अहमदाबादमध्ये पडलेल्या इमारतींपैकी बऱ्याच खाली मोकळं पार्किंग आणि वर विटांच्या भिंती अशाच होत्या. वरचा भाग कडक, खालचा लुळा. सगळी हालचाल एकाच मजल्यावर गोळा होते.

वर्धा_रोड
आमच्या बिल्डिंगचं वर्णन केलंत.

काळी_माती
आणखी एक भर. पश्चिम नागपूर बेसॉल्टवर आहे, पूर्वेला जुने ग्नाइस वगैरे खडक. पण काही ठिकाणी काळी माती जाड आहे. एकाच शहरात दोन घरांना एकच हादरा सारखा जाणवत नाही. बेसा रोडला सातव्या मजल्यावर जाणवतं आणि धरमपेठेत तळमजल्यावर कोणाला पत्ताही लागत नाही, ते उंचीमुळे आणि मातीमुळे, दोन्हींमुळे.

धागारक्षक
मंडळी, धाग्याचं काश्मीर होऊ देऊ नका, म्हणजे विषय भरकटवू नका. पार्किंगसाठी वेगळा धागा काढा. प्लॅटफॉर्मवर या.

सावजी_विथ_सोडा
प्लॅटफॉर्मवर येतो. सेमिनरी हिल्सवर पेसोचं मुख्यालय आहे, पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचं. म्हणजे समुद्रातल्या तेलाचा निकाल आपल्या नागपुरातूनच लागत असेल. टपरीवर बसून आपण मुंबई हाय चालवतो असं म्हणायला हरकत नाही.

डेक_खालचा_माणूस
@सावजी, अभिमान ठेवा, पण थोडा कमी. पेसो पेट्रोल पंप, साठवणुकीच्या टाक्या, टँकर, सिलिंडर वगैरे बघतं. समुद्रातल्या कामाला २००८ चे वेगळे सुरक्षा नियम आहेत आणि त्यांची जबाबदारी ओआयएसडीकडे, म्हणजे तेल उद्योगाच्या सुरक्षा संचालनालयाकडे आहे.

जलपरी_अंबाझरी
माझा प्रश्न त्सुनामीचा. भूकंपाचा हादरा सोसला, पण मागून लाट आली तर? २००४ ची दृश्यं डोळ्यांसमोर आहेत.

शंकेखोर_शंकर
इथे मी चक्क धीर देतो. खोल समुद्रात त्सुनामीची उंची सहसा एखाद्या मीटरच्या आतबाहेर असते, लांबी मात्र शेकडो किलोमीटर. २००४ ला ती समुद्रात कित्येक जहाजांखालून गेली आणि त्यांना कळलंही नाही. वेग खोलीवर ठरतो: चार किलोमीटर पाण्यात ताशी ७०० किलोमीटर, ७५ मीटर पाण्यात ताशी शंभरच्या आत. किनारा जवळ आला की वेग कमी, उंची जास्त.

अरबी समुद्रात मकरानचा पट्टा आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये तिथे ८.१ चा भूकंप झाला, त्सुनामी मुंबईपर्यंत आली आणि इथे माणसंही गेली. त्यामुळे "आपल्याकडे येत नाही" हे साफ खोटं. पण ७५ मीटर पाण्यात उभ्या असलेल्या प्लॅटफॉर्मपेक्षा उरण-मुंबईच्या किनाऱ्यावरच्या यंत्रणेला तिची धास्ती जास्त. डेकची उंची शंभर वर्षांतल्या मोठ्या लाटेच्या शेंड्यापेक्षाही वर, दीड मीटर तरी मोकळी जागा ठेवून ठरवतात.

जलपरी_अंबाझरी
धन्यवाद. आता फक्त उरणची काळजी.

काँक्रीटकन्या
मघाशी राहिलं होतं ते लिहिते. जॅकेटला भूकंपात नुसतं स्वतःचं वजन हलवावं लागत नाही. पायांच्या आत भरलेलं पाणी, वर वाढलेले शिंपले-शेवाळ आणि पायाभोवतीचं पाणीही त्याच्याबरोबर हलतं. गोल नळीसाठी हा बाहेरचा वाटा नळीने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका धरतात. म्हणजे कागदावर दिसतं त्यापेक्षा जॅकेट बरंच जड, आणि शिंपले वाढू दिले तर आणखी जड.

सांगाड्याच्या तिरक्या नळ्यांचंही सांगते. इंग्रजी के आकाराच्या जोडणीत एक नळी वाकली की उरलेला सगळा भार पायाच्या मधोमध येतो. एक्स आकारात एक दबली तर दुसरी ताणात काम करत राहते. भूकंपाच्या भागात म्हणून एक्स पसंत करतात. डिझाइनही दोन पातळ्यांवर होतं: शेकडो वर्षांतून एकदा येणाऱ्या भूकंपात सांगाड्याला जवळपास काही होऊ नये, त्याहून दुर्मिळ, हजारांच्या हिशेबातल्या भूकंपात नळ्या वाकल्या तरी चालतील, पण प्लॅटफॉर्म उभा राहिला पाहिजे आणि माणसं बाहेर पडली पाहिजेत. तळाचा आडवा धक्का ०.०५ जी पेक्षा कमी असेल अशा भागात, उदाहरणार्थ मेक्सिकोच्या आखातात, जुनी अमेरिकन नियमावली भूकंपाचं वेगळं विश्लेषणच मागत नाही. वादळच सगळं ठरवतं.

तर्रीपोहा
मंग सगळ्यात जास्त भूकंपात कोनता प्लॅटफॉर्म ठेवला? आपला तर नाही ना?

शंकेखोर_शंकर
साखालिन, रशियाचं बेट, जपानच्या उत्तरेला. मे १९९५ मध्ये तिथे नेफ्तेगोर्स्क गाव सात रिश्टरच्या भूकंपात गेलं, साधारण दोन हजार माणसं मेली, गाव पुन्हा वसवलंच नाही. त्याच बेटाच्या किनाऱ्याजवळ २००६-०७ मध्ये लुन्स्कोये-ए आणि पिल्तुन-अस्तोखस्कोये-बी हे दोन प्लॅटफॉर्म उभारले. तिथे समुद्र गोठतो, म्हणून लोखंडी जॅकेट नाही, काँक्रीटचे भक्कम चार खांब. खांब आणि वरचा डेक यांच्यामध्ये सरकते बेअरिंग. प्रत्येक खांबावर लोखंडी वाटीसारखा भाग आणि त्यात सरकणारा गुळगुळीत तुकडा: कढईत गोटी हलवली की ती बाजूने वर चढते आणि पुन्हा मध्ये येते, तसं. खाली जमीन हलली तरी वीस हजार टनांहून जड डेक हळूहळू झोके घेतो आणि जागेवर येतो.

काँक्रीटकन्या
आणि गंमत अशी की आवर्तकाल इथे वजनावर अवलंबून नाही, फक्त वाटीच्या गोलाईवर. डेकवर यंत्रं वाढवली तरी झोका तोच.

गुगली_गणपत
तेल काढल्यानेच भूकंप होतात, हे कोणी का बोलत नाही? पोटातलं रिकामं केलं की वरचं खचणारच.

काळी_माती
बोलतो. उत्तर समुद्रात एकोफिस्क क्षेत्र आहे, तिथे तेल काढल्याने तळच खचत गेला आणि १९८७ मध्ये प्लॅटफॉर्म सहा मीटर वर उचलावे लागले. तिथेच मे २००१ मध्ये चारपेक्षा थोडा मोठा भूकंप झाला. चुकीच्या थरात पाणी भरलं गेल्याचा तो परिणाम मानतात. प्लॅटफॉर्मवरच्या लोकांना जाणवला, नुकसान झालं नाही. स्पेनमध्ये समुद्राखाली वायू साठवायचा कास्तोर प्रकल्प होता. २०१३ मध्ये वायू भरायला सुरुवात केल्यावर हादऱ्यांची मालिकाच लागली, चारच्या वर गेले, आणि प्रकल्प बंद पडला. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेन जमिनीवर आहे, २०१२ ला ३.६ चा झाला आणि तिथेही शेवटी वायू काढणं थांबवलं.

आणि तुम्हाला लांब कशाला जायचं? कोयना आहे ना. ११ डिसेंबर १९६७. जलाशय आणि भूकंप यांचं नातं जगभर तिच्या उदाहरणाने शिकवतात.

पण "रिकामं केलं की खचतं" एवढं सोपं नाही. बहुतेक वेळा दाब बदलतो, आणि आधीच ताणाखाली असलेली फट सरकते. मोठा भूकंप तेलवाले तयार करू शकत नाहीत, लहान भूकंप जागवू शकतात.

गुगली_गणपत
म्हणजे मी बरोबर.

काळी_माती
तुम्ही एक तृतीयांश बरोबर. नागपूरच्या हिशेबात ते पासच.

बेसा_रोडवाली
सगळ्यांचे आभार, नणंदबाईंना वाचून दाखवलं. कढईतली गोटी त्यांना फार आवडली. आता त्यांचा (आणि माझा) मूळ प्रश्न: तो सांगाडा टिकतो हे समजलं. मग आधी निकामी काय होतं? आणि मुलाने काय बघावं?

डेक_खालचा_माणूस
ताई, सरळ सांगतो. मुंबई हायवर ज्या गोष्टींनी माणसं गेली त्यात भूकंप नाही. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थवर एक सपोर्ट जहाज प्लॅटफॉर्मला आदळलं, रायझर (तळावरून डेकवर येणारा पाइप) फुटला, गॅस पेटला, दोन तासांत प्लॅटफॉर्म संपला. २२ जण गेले. मे २०२१ ला ताउते चक्रीवादळात पी-३०५ हा कामगारांना राहायचा बार्ज बुडाला, तिथे कितीतरी जास्त गेले. पोराला आधी सांगा: मस्टर ड्रिल (संकटात ठरल्या जागी जमायची कवायत) टाळायची नाही, लाइफजॅकेट कुठे आहे ते अंधारात हाताला लागलं पाहिजे, मान्सूनमध्ये चॉपर रद्द झालं तर घाई करायची नाही.

भूकंपात काय निकामी होईल? २००५ मध्ये जे झालं त्याचीच छोटी आवृत्ती. पाय तुटणार नाहीत, पाइप तुटेल. रायझर, पुलावरच्या पाइपलाइनी, टाक्यांचे नॉझल. पण विहिरीच्या आत तळाखाली एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, वरून हायड्रॉलिक दाब देऊन तो उघडा ठेवावा लागतो. वर काही तुटलं, दाब गेला, की तो आपोआप बंद होतो. ऑफशोअरची सगळी झोप त्या व्हॉल्व्हवर अवलंबून आहे. त्याची चाचणी वेळेवर होते का ते बघावं.

काँक्रीटकन्या
मी यात तुमच्या भाच्याच्या खात्याचं सांगते. भूकंपात डेक झोके घेतो आणि डेकवरची कडक, उंच, बारीक वस्तू त्या झोक्यावर स्वतःचा झोका चढवते. फ्लेअरचा हात, क्रेन, ड्रिलिंगचा मनोरा. डेकच्या आत कंट्रोल पॅनेल, बॅटरीचे रॅक, केबल ट्रे. भूकंपानंतर वीज गेली की सगळं शटडाउन बॅटरीवर चालतं. रॅक उलटला तर सांगाडा धडधाकट उभा आणि नियंत्रण आंधळं. ज्या भागात जॅकेटचं डिझाइन लाटा ठरवतात, तिथेही डेकवरच्या वस्तूंची बांधणी भूकंपासाठी तपासायला हवी, असं माझं ठाम मत आहे. ते काम स्वस्त असतं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षितही.

शंकेखोर_शंकर
यावर शंका नाही. (नोंद घ्यावी.)

सावजी_विथ_सोडा
इतिहासात प्रथमच. स्क्रीनशॉट काढला.

वर्धा_रोड
आणि पाइपलाइन? मुंबई हाय ते उरण समुद्राखालून जाते ना?

काळी_माती
जाते. पुरलेली पाइपलाइन जमिनीबरोबर हलते, त्यामुळे नुसत्या हलण्याने तिला सहसा काही होत नाही. जमीन कायमची सरकली, म्हणजे घसरण झाली किंवा वाळू द्रवासारखी होऊन पाइप वर तरंगला, की ती मोडते. समुद्राखालच्या घसरणीची ताकद १९२९ मध्ये कॅनडाजवळच्या ग्रँड बँक्सच्या भूकंपात दिसली होती: घसरलेल्या चिखलाने तारायंत्राच्या बारा केबली एकामागून एक तोडल्या. मुंबई हायकडचा तळ बराच सपाट आहे, त्यामुळे तशी घसरण तिथे अवघड. पूर्वेला कृष्णा-गोदावरीकडे उतार जास्त आणि पाणी खोल, तिथली चिंता वेगळी.

बेसा_रोडवाली
आत्ताच भाच्याशी बोलले. त्याच्या खोलीत बॅटरीचे दोन-थरी रॅक आहेत. खाली चार बोल्ट, वरून भिंतीला काही बांधलेलं नाही म्हणतो. हे पुरे आहे का?

काँक्रीटकन्या
असं सांगता येणार नाही काकू. रॅकची उंची आणि रुंदी, एका बॅटरीचं वजन, एकूण बॅटऱ्या किती आणि बोल्टचा व्यास एवढं मागवा. बोल्ट खाली नुसत्या डेकच्या प्लेटला आहेत की बीमवर, तेही विचारा. फोटो काढण्याआधी परवानगी घ्यायला सांगा, तिथे मोबाइल कुठेही चालत नाही. आकडे आले की इथेच गणित टाकते.

डेक_खालचा_माणूस
तोवर त्याने सेफ्टी ऑफिसरला लेखी कळवावं. तोंडी सांगितलेलं पुढच्या चॉपरने परत जातं.